कंट्री संगीतातले विरहगीत मूळ गायकाच्या तोंडी रडके का वाटत नाही, आणि आपण म्हटले की रडके का होते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही घरगुती मैफलींतून गिटारवर भावगीते आणि गझला गाता. जॉर्ज जोन्स यांचे ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ हे गाणे ऐकल्यापासून कंट्री संगीतातील, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण गाण्यांतून वाढलेल्या लोकप्रिय संगीतातील, विरहगीतांनी तुम्हाला धरून ठेवले आहे. चाल साधी, कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) मोजके, शब्द रोजच्या बोलण्यातले, उपमा-उत्प्रेक्षांचा साज जवळजवळ नाही, आणि तरीही ऐकताना डोळे भरून येतात. मात्र तेच गाणे तुम्ही म्हटले की मित्रमंडळी ‘फार रडके आहे’ म्हणतात. तेव्हा या गाण्यांत एवढे ओढ लावणारे काय आहे आणि तुमच्या गळ्यातून येताना ते कुठे हरवते, असे तुम्ही विचारता.

माझ्या मते हे दोन प्रश्न नसून एकच आहे. गेली बरीच वर्षे मी अमेरिकेतील टेनेसी आणि टेक्सास या राज्यांत कंट्री बँडांबरोबर पेडल स्टील गिटार, म्हणजे आडवी ठेवून वाजवायची, पायाने पेडल दाबून सूर बदलायची गिटार, वाजवतो. म्हणजे गायकाच्या दोन ओळींच्या मधली जागा सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. त्या जागेवरून मला दिसते ते असे की या गाण्यांत गायक दुःखाची बातमी सांगतो आणि दुःख करण्याचे काम ऐकणाऱ्यावर सोडतो. तो स्वतःच रडू लागला, तर समोरच्याला बघत बसण्यापलीकडे काही उरत नाही. पुढचे सगळे विवेचन या एका मुद्द्याचे आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. तुमच्या श्रोत्यांना इंग्रजी शब्द पहिल्या ऐकण्यात किती कळतात, खोली किती मोठी आहे, लोक ऐकायला बसले आहेत की जेवायला, यांवर बराच फरक पडतो. शिवाय कंट्री संगीताचा पसारा फार मोठा आहे. मी बोलतो आहे ते साधारण 1949 ते 1990 या काळातल्या संथ लयीच्या विरहगीतांबद्दल. आजच्या रेडिओवर वाजणाऱ्या प्रत्येक गाण्याला हे लागू पडेल असा माझा दावा नाही.

प्रथम ही गाणी कोणासाठी तयार झाली ते पाहू, कारण त्यांचा संयम तिथून आलेला आहे. अमेरिकेतील दारूबंदी 1933 मध्ये उठली आणि टेक्सास-ओक्लाहोमाच्या तेलखाणींच्या गावांतून ‘हॉन्की-टॉन्क’ नावाचे स्वस्त बिअरचे अड्डे उभे राहिले. तिथे नाणे टाकून तबकडी वाजवणारा ज्यूकबॉक्स असे. पुढे महायुद्धाच्या काळात दक्षिणेकडची असंख्य कुटुंबे शेती सोडून कारखान्यांच्या शहरांत गेली, आणि युद्ध संपल्यावर घटस्फोटांचे प्रमाण एकदम वाढले. दिवसभर अंगमेहनत करणारा, मनातले चारचौघांत बोलण्याची सवय नसलेला माणूस संध्याकाळी त्या गोंगाटात एकटा बसे आणि नाणे टाकून आपले दुःख दुसऱ्याच्या आवाजात ऐकत असे. अशा माणसाला मोठ्याने आक्रोश करणारा गायक नको होता, कारण तो आक्रोश त्याला ओशाळवाणा वाटला असता. त्याच्यासारखाच, आवंढा गिळून दोन वाक्ये बोलणारा गायक त्याला हवा होता.

आता तुम्ही निवडलेले गाणे घेऊ, कारण ते या प्रकाराचे सर्वांत कसलेले उदाहरण आहे. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन यांनी ते लिहिले, बिली शेरिल यांनी ध्वनिमुद्रित केले आणि ते 1980 मध्ये प्रसिद्ध झाले. सांगणारा आहे नायकाचा एक परिचित. मरेपर्यंत तिच्यावर प्रेम करीन, असे नायक म्हणाला होता. कालांतराने विसरशील, असे ती म्हणाली होती. मग वर्षे जातात. भिंतीवर तिचा फोटो आहे, बिछान्याजवळ 1962 सालची पत्रे आहेत आणि त्यांत जिथे जिथे प्रेमाचे शब्द आले आहेत तिथे तिथे त्याने लाल शाईने रेघ ओढली आहे. नंतर परिचित सांगतो की तो त्याला आज भेटून आला. तो छान कपड्यांत होता आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच हसताना दिसला. ऐकणारा क्षणभर समजतो की गडी अखेर सावरला. दाराला पुष्पचक्र लावले आहे हे कळते तेव्हा उलगडा होतो: त्याने आज तिच्यावर प्रेम करणे थांबवले, कारण तो आज गेला.

या गाण्यात ‘तो फार दुःखी होता’ असे वाक्य कुठेही येत नाही. येतो तो साल घातलेला पत्रांचा गठ्ठा आणि लाल रेघा. गाणे 1980 चे आणि पत्रे 1962 ची. मधली अठरा वर्षे ऐकणारा स्वतः मोजतो, आणि ती मोजताना त्याच्या मनात जे होते ते कोणत्याही विशेषणाने झाले नसते. टेनेसीतील नॅशव्हिल या कंट्री संगीताच्या मुख्य शहरातले गीतकार एकमेकांना हाच सल्ला देतात: भावना लिहू नका, टेबलावर काय ठेवले आहे ते लिहा.

आपल्याकडच्या काव्यशास्त्राने हा प्रकार फार नेमका उलगडता येतो. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात विप्रलंभ शृंगार आणि करुण यांतला भेद सांगितला आहे. विप्रलंभ सापेक्ष असतो, म्हणजे त्यात अजून अपेक्षा शिल्लक असते. करुण निरपेक्ष असतो, तिथे पुन्हा भेटीची आशाच संपलेली असते. बहुतेक कंट्री विरहगीते विप्रलंभाची आहेत: ती गेली आहे, पण दार लोटलेलेच आहे, कडी लावलेली नाही. जोन्स यांच्या गाण्यात श्रोता विप्रलंभ समजून आत शिरतो आणि एका ओळीत करुणात जाऊन पडतो. हा बदल होताना गायक आक्रोश करत नाही. बदल घडतो तो माहितीने. तुमचे डोळे भरून आले ते बहुधा याच ठिकाणी. आणि गायकाने पहिल्या ओळीपासूनच करुण रस आळवायला घेतला, तर शेवटचा धक्का आधीच खर्च होतो, हेही यातूनच कळते. तुमच्या गाण्यात काय होत असावे याचा माझा पहिला अंदाज हाच आहे.

स्वतः जोन्स यांना हे गाणे पसंत नव्हते. इतके मरणाचे गाणे कोणी विकत घेणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शेरिल सांगत की ध्वनिमुद्रणाच्या वेळी जोन्स चाल विसरून ख्रिस क्रिस्टोफरसन यांच्या दुसऱ्याच एका गाण्याच्या चालीवर घसरत, आणि मधला बोलून म्हणायचा भाग पुष्कळ काळानंतर ध्वनिमुद्रित करावा लागला, कारण दारूमुळे त्यांची जीभ जड होत असे. हे गाणे कंट्री म्युझिक असोसिएशनचे वर्षातील सर्वोत्तम गीत ठरले, 1980 मध्येही आणि 1981 मध्येही. जोन्स आणि गायिका टॅमी वायनेट यांचा घटस्फोट 1975 मध्ये झाला होता, त्यामुळे पुष्कळ श्रोत्यांनी त्यात त्यांचीच कहाणी ऐकली.

मात्र ‘गायकाने स्वतः भोगले आहे म्हणून ते खरे वाटते’ हे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटत नाही. ब्रॅडॉक आणि पुटमन हे व्यावसायिक गीतकार होते. याच जोडीने वायनेट यांच्यासाठी 1968 मध्ये घटस्फोटावरचे गाणे लिहिले होते, ज्यात लहान मुलाला कळू नये म्हणून आई तो शब्द एकेक अक्षर सुटे करून उच्चारते. ही सरळसरळ एक क्लृप्ती आहे, पण ती घराघरांतून पाहिलेली आहे म्हणून बोचते. डॉली पार्टन यांचे 1974 चे ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ तर प्रियकराचा निरोप घेण्यासाठी लिहिलेलेच नाही. पोर्टर वॅगनर यांच्या कार्यक्रमातून बाहेर पडताना, ज्येष्ठ सहकाऱ्याचा निरोप म्हणून त्यांनी ते लिहिले. 1992 मध्ये व्हिटनी ह्यूस्टन यांनी ते गायले तेव्हा जगभरच्या लोकांनी त्यात आपापला ताटातुटीचा प्रसंग ऐकला. गाणाऱ्याचे चरित्र ऐकणाऱ्याला उपयोगी पडते, पण अनिवार्य नसते. गाण्यात त्याच्यासाठी रिकामी जागा ठेवलेली असली पाहिजे, एवढे मात्र अनिवार्य असते.

आता संगीताकडे येतो. ‘तीन कॉर्ड आणि सत्य’ ही हार्लन हॉवर्ड या गीतकाराची व्याख्या सर्वत्र सांगितली जाते. तीन कॉर्डचा अर्थ संगीत दरिद्री आहे असा तुम्ही घेतला असेल, तर थोडे वेगळ्या बाजूने पाहा. नॅशव्हिलच्या स्टुडिओंत कॉर्ड आकड्यांत लिहितात: षड्जावर उभा राहणारा एक, मध्यमावरचा चार, पंचमावरचा पाच. जॉर्डनेअर्स या गायकवृंदातील नील मॅथ्यूज यांनी 1950 च्या दशकात ही पद्धत सुरू केली. आपल्या सरगमप्रमाणेच तिच्यात पट्टी कुठलीही घेता येते. एक, चार, पाच यांवर बांधलेल्या गाण्यात पुढे काय येणार हे श्रोत्याला अंगवळणी पडलेले असते. त्यामुळे त्याचे सारे लक्ष शब्दांवर आणि आवाजाच्या पोतावर राहते. गोष्ट सांगायची असेल तर हे सोयीचे असते.

हँक विल्यम्स यांचे ‘आय अ‍ॅम सो लोन्सम आय कुड क्राय’ 1949 मध्ये सिनसिनाटी येथे ध्वनिमुद्रित झाले. त्याचा ताल तीन मात्रांचा, म्हणजे नाचाचा. शब्दांत गोष्टच नाही: रात्री ओरडणारा पक्षी, दूरची आगगाडी, ढगाआड जाणारा चंद्र, निखळणारा तारा. ती व्यक्ती कोण, का गेली, काहीही सांगितलेले नाही. एकटेपणाची कबुली प्रत्येक कडव्याच्या शेवटी येत नाही, हेही तुमच्या ध्यानात आले असेल. ताल झोके घेत राहतो आणि गाणारा त्याच्यावर सपाट आवाजात बोलतो. दुःख या दोहोंच्या विसंगतीत आहे. यात स्टील गिटार वाजवली होती जेरी बर्ड यांनी, ज्यांनी पुढे पेडल असलेले वाद्य कधीच मनापासून स्वीकारले नाही आणि आयुष्याचा उत्तरार्ध हवाईत घालवला. माझ्यासारख्या पेडलवाल्याला हे थोडे लागते, पण त्यांचा हात ऐकल्यावर तक्रार करवत नाही.

स्टील गिटारबद्दल दोन परिच्छेद लिहिण्याची परवानगी घेतो. तिचा उगम हवाई बेटांवरचा. गिटार आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू यांनी रूढ केली असे मानतात. हीच हवाईयन गिटार आपल्याकडेही आली आणि व्हॅन शिप्ले यांच्या हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्यांतून घरोघरी पोहोचली. मुंबईतल्या पिढ्यांना तिचा आवाज ठाऊक आहे. अमेरिकेत तिला पेडल जोडले गेले. वेब पिअर्स यांच्या 1954 च्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी तारा वाजत असतानाच पेडल दाबून सूर चढवला आणि त्यानंतर हे वाद्य बदलून गेले. आज नॅशव्हिलमध्ये प्रचलित असलेल्या वाद्याला दहा तारा, तीन पेडल आणि काही गुडघ्याने ढकलायच्या कळा असतात.

याचा विरहाशी संबंध काय? पेडल दाबले की कॉर्डमधली एक तार स्थिर राहते आणि दुसरी तिच्याजवळ सरकत जाते. आपल्या मींडेत एकच सूर चालत जातो. इथे एक थांबलेला असतो आणि दुसरा निघालेला असतो. शिवाय आवाजाचे वेगळे पेडल असल्यामुळे तार छेडल्याचा आघात लपवता येतो आणि सूर कुठून तरी उमटल्यासारखा येतो. गायकाच्या आवाजात हुंदका येऊ पाहतो आणि तो गिळतो, तेव्हा न आलेला तो हुंदका वाद्य घेते. म्हणून आमचा नियम असा की शब्द चालू असताना स्टीलने गप्प राहायचे आणि ओळ संपल्यावर बोलायचे. गायकच जर प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर लांबवून हरकती घेऊ लागला, तर मला बोलायला जागा मिळत नाही आणि श्रोत्याला श्वास घ्यायलाही.

संयमाचा अर्थ कोरडेपणा, असा मात्र करू नका. पॅट्सी क्लाइन यांचे ‘क्रेझी’ ऐका. विली नेल्सन यांनी रचलेले, ओवेन ब्रॅडली यांनी 1961 मध्ये नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रित केलेले. त्याचे कॉर्ड तीनपेक्षा बरेच जास्त आहेत आणि चाल मोठी उडी घेते. त्याच वर्षी जूनमध्ये क्लाइन यांना मोटार अपघातात गंभीर दुखापत झाली होती. बरगड्यांच्या वेदनेमुळे वरचे सूर लागेनात, म्हणून साथ आधी मुद्रित झाली आणि त्यांनी गायन नंतर केले. नेल्सन यांच्या नमुना-ध्वनिमुद्रणात शब्द तालाच्या मागे-पुढे रेंगाळतात. क्लाइन यांनी त्याचे अनुकरण सोडून आपल्या पद्धतीने म्हटले. गाण्यातली स्त्री प्रियकराला दोष देत नाही, आपणच वेडे होतो असे म्हणते, आणि ते म्हणताना तिचा आवाज पूर्ण भरलेला, ताठ उभा आहे. शब्द पराभवाचे आणि आवाज मानी. हाच ताण लोकांना साठ वर्षे ओढतो आहे.

तुमच्या मित्रांच्या आक्षेपात तथ्य आहेच. नॅशव्हिलच्या म्युझिक रो भागात गीतकार ठरलेल्या वेळी ऑफिसात भेटून गाणी लिहितात, आणि त्यांतली बरीच साच्यातली निघतात: बाटली, पाऊस, रिकामी खुर्ची. पुरुषाने स्वतःची कीव करून सगळा दोष बाईवर ढकलायचा, असाही एक साचा होता. त्याला 1952 मध्ये किटी वेल्स यांनी गाण्यानेच जाहीर उत्तर दिले आणि ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. चांगले गाणे आणि साच्यातले गाणे ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे. गाण्यातील तपशील काढून दुसरा घातला तरी काही बिघडत नसेल, तर गाणे साच्यातले. 1962 ची पत्रे काढून तिथे नुसता ‘आठवणी’ हा शब्द घालून पाहा.

आणखी एक उदाहरण केवळ रचनेच्या चातुर्यासाठी देतो. व्हिन्स गिल यांच्या 1990 मध्ये गाजलेल्या ‘व्हेन आय कॉल युअर नेम’ या गाण्यात नायक घरी येतो, टेबलावर चिठ्ठी सापडते, तो तिचे नाव घेऊन हाक मारतो आणि कोणी ओ देत नाही. ध्रुवपदात मात्र पॅटी लव्हलेस यांचा आवाज गिल यांच्या आवाजाला लागून वर येतो. शब्द सांगतात की घरात कोणी नाही, आणि कानाला एक स्त्री स्पष्ट ऐकू येते. मंचावर ही जागा आली की मी हात तारांवरून उचलून घेतो.

तेव्हा आतापर्यंतचा निष्कर्ष असा: गोष्ट माहितीतून सांगितलेली, तपशील न बदलता येण्याजोगा, संगीत अपेक्षित वाटेने जाणारे, आणि भावनेसाठी ओळींच्या मध्ये राखलेली जागा. आता तुमच्या गाण्याकडे वळू. तुमचे ध्वनिमुद्रण मी ऐकलेले नाही, त्यामुळे भावगीत आणि गझल गाणाऱ्यांच्या बाबतीत मला जे नेहमी आढळते त्यावरून सांगतो.

गझलेत एकच मिसरा, म्हणजे शेराची ओळ, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या अंगाने म्हणून त्याचा अर्थ खुलवायचा असतो, आणि तुमच्या गळ्याला ती सवय असणार. इथे ती सवय आड येते, कारण गोष्टीतली ओळ एकदाच सांगायची असते. गिटार बाजूला ठेवून सगळे शब्द एखाद्या शेजाऱ्याची बातमी दुसऱ्या शेजाऱ्याला सांगावी तसे नुसते बोलून पाहा, आणि बोलताना शब्दांवर जिथे नैसर्गिक वजन येते तिथेच गातानाही येऊ द्या. ओळीचा शेवटचा सूर लांबवू नका. तो सोडा आणि रिकाम्या मात्रा गिटारला द्या. पट्टी तुमच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा एक-दोन स्वर खाली घेऊन पाहा, कारण आवाज ताणला गेला की तो आपोआप विनवणीचा वाटू लागतो. बोलून म्हणायचा भाग रंगभूमीवरच्या स्वगतासारखा म्हणण्याचा मोह होईल. तो आवरा आणि कॉर्ड अगदी हलके छेडत, घरात बोलतो त्या आवाजात म्हणा.

श्रोत्यांना इंग्रजी चटकन कळत नसेल, तर आधी मराठीत दोन वाक्ये जरूर सांगा: एक माणूस म्हणाला होता की मरेपर्यंत प्रेम करीन, आणि त्याचा परिचित त्याच्याबद्दल सांगतो आहे. एवढेच. शेवट सांगू नका आणि ‘हे फार दुःखी गाणे आहे’ असेही म्हणू नका. जेवणाच्या गडबडीत हे गाणे घेऊच नका. त्या वेळी हँक विल्यम्स यांचे तीन मात्रांचे गाणे अधिक चालेल, कारण त्यातली एखादी ओळ निसटली तरी गोष्ट तुटत नाही.

आणि कार्यक्रमात अशी दोन गाणी लागोपाठ ठेवू नका. टेक्सासच्या डान्स हॉलमध्ये संथ विरहगीत संपले की लगेच वेगवान शफल, म्हणजे झुलत्या ठेक्याचे नाचाचे गाणे, सुरू होते, कारण लोकांना पाय हलवायचे असतात आणि दुसऱ्या रडवणाऱ्या गाण्यापुढे पहिले फिके पडते. तुमच्याकडे शफल नसेल तर एखादे खेळकर भावगीत घ्या, पण ते आधीच ठरवून, पट्टी जुळवून ठेवा, म्हणजे शेवटच्या कॉर्डनंतर तारा लावत बसावे लागणार नाही.